उजव्या डोळ्याची बाहुली

मित्रांनो, मला कागदावर घासू नका, मी पेन नाही! दिसतो तसा, पण शाईऐवजी उजेड सोडतो. मी डॉक्टरच्या खिशातला एक जुना टॉर्च आहे.

कारखान्यात आम्ही ढीगभर भावंडं एकाच साच्यातून निघालो. मला एका आत्याने विकत घेतलं आणि डॉक्टरकीला प्रवेश मिळालेल्या भाचीला दिलं. ही भाची म्हणजे माझी ताई. तिने त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांचे डोळे तपासले. उजेड पडला की डोळ्याची काळी बाहुली झटकन बारीक होते. ती झाली, की मला कोण आनंद व्हायचा! पण दरवेळी आधी मनात यायचं, नाही झाली तर? म्हणजे डोक्याच्या आत काहीतरी बिघडलंय!

आणि ती वेळ आलीच. ताईचे बाबा स्टुलावर चढून पडदे लावताना पडले. डोकं खिडकीच्या कठड्यावर आपटलं.

"काही नाही झालं गं. स्टूल बरं आहे ना, ते बघ," ते म्हणाले.

ताई हसली नाही. तिने मला पेटवलं. दोन्ही बाहुल्या झटकन लहान झाल्या. तरीही ती त्यांना आपल्या कॉलेजच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे बाबा पेंगायला लागले. ताईने मला पुन्हा त्यांच्या डोळ्यांवर धरलं.

"सर, उजवी बाहुली मंद वाटतेय."

मोठ्या डॉक्टरांनी मला घेऊन पाहिलं. "मला तर दोन्ही सारख्याच दिसतात. आणि हा टॉर्च बघ, पिवळा पडलाय. सेल कधी बदललेस?"

शरमेने मी विझायचाच बाकी होतो! माझ्यामुळे ताई चुकत होती, की तिचंच खरं होतं? मलाही कळेना.

नर्सबाईंनी त्यांचा टॉर्च पुढे केला. ताईने पुन्हा पाहिलं.

"मंदच आहे, सर. स्कॅन करूया ना!" ती हटली नाही.

स्कॅनमध्ये दिसलं, कवटीच्या आत रक्त साचलं होतं. लगेच शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर बाबांनी पहिलं काय विचारावं? "स्टूल बरं आहे ना?"

सगळे हसले. ताई मात्र रडली. मंद म्हणजे नेमकं किती मंद? हा प्रश्न तिची पाठच सोडेना. एकाला दिसतं, दुसऱ्याला दिसत नाही, मग पेशंटने करायचं काय?

"अगं, नुसती डॉक्टर हो की! अजून किती वर्षं शिकणार?" आत्या कुरकुरली. पण ताई डॉक्टरकीसोबत मेंदूच्या दुखापतीवर संशोधनही करू लागली. बाहुलीची हालचाल मोजणारा कॅमेरा ती बनवतेय. आकडे जुळले नाहीत, की ती मला नुसती चालू-बंद करत बसते. टिक, टिक. माझा जीव टांगणीला!

कॅमेरा जमला, की मला कोण विचारणार? चालेल! पण तोवर ऐका. कुणी डोकं आपटून "काही नाही झालं" म्हणालं, तर त्याला एकटं सोडू नका. मोठ्यांना सांगा, डॉक्टरकडे न्या. आणि घरात माझा एखादा भाऊ असेल, तर त्याचे सेल बदला बरं का.

काल बाबा त्या कॅमेऱ्यासमोर स्टुलावर बसले, सगळ्यांत पहिले. ताईने बटणावर बोट ठेवलं, पुन्हा काढलं.

"दाब गं," बाबा म्हणाले. "स्टूल पक्कं आहे."