हनुवटीवरचा तीळ

बहिणीनं कोरा कागद पुढ्यात सारला आणि म्हणाली, "दादा, आयुष्यभर जगाची आई काढलीस, आता आपली काढ."

म्हातारा हसला. चेष्टा नेहमीची होती, मागणी मात्र खरी होती. आई गेली तेव्हा ही पाळण्यात होती. घरात आईचा एकही फोटो नव्हता, आणि तो चेहरा पाहिलेलं माणूस जगात आता हा एकटाच उरला होता.

चित्रकार म्हणून त्याला मिळालेलं पहिलं काम चहाच्या डब्याचं. हातात कपबशी घेतलेली बाई हवी होती. त्यानं डोळे मिटून आईच काढली, हनुवटीवरच्या तिळासकट. मालक म्हणाला, छपाईत हा शाईचा डाग दिसेल, काढून टाक. पोटापुढे तिळाची काय मातब्बरी? टाकला काढून. पुढे डब्यावर चित्राऐवजी फोटो हवा झाला. तोवर त्यानं कॅमेरा धरला होता. चित्रासारखी दिसणारी एक मुलगी शोधली. आईपेक्षा गोरी, वयानंही बरीच लहान. मग जाहिरातपटांचे दिवस आले. त्या फोटोसारखी दिसणारी नटी उभी केली. तिला तर चहाच आवडत नव्हता; कॅमेरा थांबला की घोट थुंकायची. नाव झालं, पैसा झाला. दर खेपेला आई थोडी पुसली जातेय, हे त्याला दिसत होतं. पण मूळ आपल्या डोक्यात आहे, ते कुठं पळून जातंय, असं म्हणून तो निर्धास्त राहिला.

आता पेन्सिल सरसर चालली. कपाळ, भुवया, ओठ. हात अजून साफ होता. बहीण खांद्यावरून वाकली.

"ही तर डब्यावरची बाई," ती म्हणाली.

त्यानं खोडून पुन्हा काढलं. पुन्हा तीच, कपबशी तेवढी नव्हती. दुसऱ्या कागदावर नटी उतरली. मग त्याला तीळ आठवला. पेन्सिल हनुवटीच्या डाव्या बाजूला टेकवली, उचलली, उजवीकडे नेली. तिथंही ठरेना. डोळे मिटले, तर आत नटीच हसत होती.

"डावीकडे होता की उजवीकडे?" त्यानं विचारलं, जणू हिला ठाऊक असावं.

बहिणीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "लाव कुठंही, दादा. मला काय कळणार आहे?"

त्यानं मधोमध ठिपका दिला. मालक म्हणाला होता तसाच, तो डाग दिसला.