बारशातला आयफोन

"वहिनी, तुझ्या अँड्रॉइडवर मी भुतासारखी दिसते," नणंद रुचिता योगिनीच्याच डोहाळजेवणात सगळ्यांसमोर म्हणालेली. योगिनीने ते डोक्यात ठेवलं आणि बारशाच्या आदल्या दिवशी तिच्यासारखाच आयफोन घेतला, तिच्या नाकावर टिच्चून मिरवायला.

मानपाड्याच्या हॉलमध्ये आत्याबाई रुचिता बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली आणि व्हिडिओसाठी योगिनीकडे दिलेला तिचा फोन बंद पडला.

"आयफोनचा चार्जर आहे का कुणाकडे?" रुचिताने मान वर करून विचारलं.

योगिनीच्या पर्समध्ये चार्जरसकट अख्खा आयफोन होता. तिने पर्सची चेन ओढून घेतली.

"मग तुझ्या फोनवर काढ ना गं!"

"नको हो ताई. भुतासारख्या दिसाल."

आता तो आयफोन रुचितासमोर काढायची सोय उरली नव्हती; उद्याच दुकानात परत करायचं तिने तिथेच ठरवलं. तेवढ्यात 'कुर्रर्र' झालं, बायका रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत बुक्के घालू लागल्या आणि योगिनीने बाह्या सरसावल्या.