ताईबाईंच्या बिबड्यांतला केस

“ताई, आता बिबडे तुमच्याकडूनच घेणार हं,” सुरतेची गिऱ्हाईक शीतल फोनवर म्हणाली. “अमळनेरच्या ताईबाईंचे नकोच. त्यांच्या बिबड्यांत केस निघतात म्हणे. गुगलवर किती जणांनी लिहिलंय!”

ज्योत्स्नाचा ज्वारीच्या शिजवलेल्या घाट्यानं माखलेला हात जागीच थांबला. देवपुरातल्या घराच्या गच्चीवर ती ऊन चढायच्या आधी पापडासारखे बिबडे थापून घेत होती. बिबडा कसा थापायचा, पाण्याचा हात कधी लावायचा, हे तिला ताईबाईंनीच शिकवलं होतं. माहेरचं घर त्यांच्या शेजारी, आणि तिचं निम्मं लहानपण त्यांच्या अंगणात गेलेलं. ताईबाईंच्या बिबड्यांत केस? डोक्याला फडकं बांधल्याशिवाय ती बाई कुणाला घाट्याच्या पातेल्याजवळ फिरकू देत नसे.

हात पुसून तिनं मोबाईल उघडला. ताईबाईंच्या पुण्याच्या पुतण्यानं त्यांचं नाव कधीतरी गुगलवर टाकलं होतं. त्याखाली ओळीनं शिव्याशाप. केस निघाला. वास येतो. पैसे वाया गेले. ज्योत्स्ना नावं वाचत गेली. ही नावं तिच्या ओळखीची होती. याच माणसांनी तिच्या स्वतःच्या नावाखाली पाच-पाच तारे दिले होते. त्यातल्या एकानं ‘बसायची व्यवस्था उत्तम’ असंही लिहिलं होतं. तिच्याकडे तर नुसती गच्ची! तेव्हा ती हसली होती, आणि विषय सोडून दिला होता.

तिचं नाव गुगलवर वर आणायचं काम जळगावच्या नवल सरांनी घेतलं होतं. बचत गटाच्या प्रदर्शनात भेटले, गोड बोलले. “मॅडम, महिनाभरात तुमचं नाव पहिल्या नंबरवर. गॅरंटी! तुम्ही फक्त फोनवर आलेला ओटीपी सांगा.” तिनं सांगितला. आणि खरंच फोन वाजायला लागले. नाशिक, सुरत, पुणे. कसं झालं ते तिनं विचारलं नाही.

तिनं त्यांना फोन लावला.

“सर, ताईबाईंच्या नावाखाली ते तुम्ही लिहिलंत?”

“मॅडम, मार्केटिंग असंच असतं. वरच्याला खाली ओढल्याशिवाय आपण वर कसे जाणार?”

“काढून टाका ते. आत्ता. आणि मला तुमचं काम नको.”

नवल सरांचा आवाज थंड झाला. “तुमचं पेज माझ्या अकाउंटवर आहे. काम बंद केलंत तर पेजही बंद. ऐन सीझनमध्ये तुमचं नाव कुठंच दिसणार नाही. विचार करा.”

गच्चीभर बिबडे वाळत होते, खाली ज्वारी भिजत पडली होती. हे सगळं कुणाच्या भरवशावर मांडलं होतं? तरी ती म्हणाली,

“नाही दिसलं तर नाही दिसलं.”

बिबडे शेजारणीच्या हवाली करून तिनं अमळनेरची एसटी धरली. वाटेत राहवेना म्हणून मोबाईल पाहिला. तिच्या नावापुढे लाल अक्षरं उमटली होती: कायमचे बंद. खऱ्या गिऱ्हाइकांनी मनापासून लिहिलेलं कौतुकही त्याखालीच गाडलं गेलं होतं. तिनं शीतलला फोन केला.

“ताईबाईंबद्दलचं सगळं खोटं आहे गं. माझ्यासाठी काम करणाऱ्या माणसानंच लिहिलं ते.”

“मग ताई, तुमच्याबद्दलचं तरी खरं कसं मानायचं?”

शीतलनं फोन ठेवला.

ताईबाईंच्या अंगणात भर उन्हाळ्यात एकही बिबडा वाळत नव्हता. वाळवणाच्या खाटा भिंतीला उभ्या करून ठेवल्या होत्या.

“उनी का पोरी? ये, बठ.” ताईबाई ओट्यावर बसून होत्या. वाळल्यासारख्या दिसत होत्या. “यंदा बंद शे बठ्ठं. मना हातना बिबडामा केस निंघना म्हने. पुतन्यानी वाची दावं. रात-रात झोप नही माले.”

“अक्का…” ज्योत्स्ना त्यांना लहानपणापासून अक्काच म्हणायची.

“लताबाईले काढी टाकं मी. तिनाच केस व्हई, दुसरा कोना? गल्लीना बायास्मोरे बोलनू तिले. रडत गयी बिचारी.”

लताबाई वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखाली घाटा शिजवत आलेली. हे ज्योत्स्नाच्या ध्यानीमनी नव्हतं. ती खालीच बसली आणि आठवेल तसं, मागचंपुढचं सगळं सांगत सुटली. नवल सर, ओटीपी, तीच ती नावं. शेवटी म्हणाली, “अक्का, केस नव्हताच. कुणी बिबडा खाल्लाच नव्हता.”

ताईबाई चिडतील, चार शब्द बोलतील, निदान रडतील असं तिला वाटलं. त्या उठल्या आणि चपला शोधू लागल्या.

“चाल.”

लताबाईचं घर दोन गल्ल्या पलीकडे. दार उघडं होतं. ती सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. ताईबाई दारातच थांबल्या. शेजारच्या ओट्यावरच्या बायका बघायला लागल्या, तसा ताईबाईंनी आवाज मुद्दाम चढवला.

“लता, तुना केस नव्हता. कोनाच नव्हता. मी चुकनू.”

लताबाईनं मान वर केली नाही. एक खडा काढला, बाजूला टाकला.

“माले ठाऊक व्हतं,” ती म्हणाली.

ताईबाई आत गेल्या, गुडघ्याला हात देत तिच्यासमोर बसल्या. सुपातले ओंजळभर तांदूळ आपल्या पदरात घेतले आणि निवडू लागल्या. लताबाईनं सूप थोडं त्यांच्याकडे सरकवलं.

ज्योत्स्नाला कुणी बस म्हणालं नाही. उंबऱ्याबाहेर उन्हात ती उभी राहिली.