खालचा सूर

लिडियाने टाळी वाजवून गाणं थांबवलं आणि बोट थेट गोजराबाईंकडे रोखलं.

"फिर उधर गया."

गोजराबाई खरंच गेल्या होत्या. खालचा सूर सोडून साधनाच्या वरच्या चालीत जाऊन बसल्या होत्या. शरणपूरच्या त्या चर्चमधल्या बायकांना एकच ठाऊक, एकीने धरलं की सगळ्यांनी तेच उचलायचं. दोघींनी एकाच वेळी वेगवेगळं गायचं, हे त्यांना अबोला धरल्यासारखं वाटे.

"मॅडम, साधना वर एकलीच ऱ्हाती. मला ऱ्हावत नाय."

लिडिया हसली नाही. रशियात तिने जुन्या चर्चसंगीतावर ग्रंथ लिहिले होते, नावाजलेले गायकवृंद घडवले होते. पुढे नवऱ्याची नेमणूक ओझरच्या विमान कारखान्यात झाली आणि तिच्या वाट्याला गोजराबाई आल्या.

त्या आठवड्यात तिकडे तिची आई वारली. दफनाला पोचणं शक्य नव्हतं. निदान निरोपाचं गाणं तिच्या रीतीने, पेटीशिवाय आणि दोन्ही सुरांत व्हावं, एवढंच तिला हवं होतं.

तालीम संपल्यावर साधनाने गोजराबाईंना बाजूला घेतलं.

"मावशी, त्या मायलेकी हे मिळून गायच्या. खालचा सूर आईचा होता. तुम्ही तेवढा सोडू नका."

गोजराबाई वरमल्या. मग भाकऱ्या थापताना, नळावर पाणी भरताना त्यांनी तो सूर इतका घोटला की सून वैतागली.

रविवारी उपासनेनंतर गाणं सुरू झालं. वरची चाल साधनाऐवजी लिडिया स्वतः गात होती. गोजराबाई डोळे मिटून खालच्या सुरावर ठाम होत्या. दुसरं कडवं सुरळीत गेलं. साधनाला हायसं वाटलं.

तिसऱ्या कडव्यात लिडियाचा आवाज फाटला. तिने पुन्हा प्रयत्न केला, पण घशातून काही निघेना.

गोजराबाईंनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि खालचा सूर सोडून त्या वर आल्या. मग बाकीच्याही आल्या. खाली कुणीच उरलं नाही. लिडियाचा हात थांबवायला वर गेला आणि तसाच राहिला. गाणं शेवटापर्यंत एकाच चालीत गेलं.

"चुकलं मॅडम," गोजराबाई म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं. "लय घोटलं होतं वो."

लिडियाने रुमालाने तोंड पुसलं.

"फिर से," ती म्हणाली, आणि या वेळी तिने कुणालाच खालचा सूर दिला नाही.