बर्फात ठेवलेली बेअरिंगं

शुक्रवारी बोईसरहून परतताना स्नेहाच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकातून जात्यावर दळण दळल्यासारखा आवाज यायला लागला. घिवलीच्या अलीकडच्या वळणावर तर गाडीचं बूड आपोआप एका अंगाला सरकलं. घरी पोचल्यावर तिनं गाडी मधल्या स्टँडवर लावली आणि मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं. पडायला आलेल्या दातासारखं ते हललं.

"चेन सैल झाली असंल," ओट्यावरून तिचे सासरे बळवंत म्हणाले.

"चेन नाय, बाबा. बेअरिंग गेलंय."

"तुला काय ठाव?"

"चेन सैल झाली तर चाक कशाला डुलंल?"

बळवंत गुडघ्यावर हात टेकून उठले, जवळ आले, स्वतः चाक हलवून पाहिलं आणि "हूं" म्हणाले. घरात सगळ्यांना माहीत होतं, बळवंतांचं "हूं" म्हणजे समोरच्याचं बरोबर.

गाडी मुळात त्यांचीच. उभा जन्म त्यांनी तांडेल म्हणून बोट चालवली. गुडघे धरले तशी बोट मुलाकडे, रूपेशकडे गेली आणि गाडी सुनेकडे. रूपेश समुद्रावर असायचा, आणि स्नेहा मागच्या कॅरिअरला माशांचा टब बांधून बोईसरच्या कॉलन्यांमध्ये विकायला जायची. टबातलं खारं पाणी थेंब थेंब गळत राहायचं ते नेमकं मागच्या चाकाच्या मधोमध. लोखंड तरी किती सोसणार?

नाक्यावरचा मेकॅनिक मेहुणीच्या लग्नाला गेला होता. आणि परवा रविवार. रविवारचा धंदा बुडवणं म्हणजे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात सोडून येणं.

"आपुनच खोलू," बळवंत म्हणाले. "भर समुद्रात इंजिन खोललंय मी. हे तर अंगणात हाय."

शनिवारी सकाळी स्नेहानं रिक्षानं जाऊन दोन नवी बेअरिंगं आणि एक ऑइल सील आणलं. दुकानदारानं जाताना एक युक्ती सांगितली होती. बेअरिंग बसवण्याआधी बर्फात ठेवायचं, म्हणजे ते आकसतं. चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, गरम करायचा, म्हणजे तो फुगतो. मग हातोडा फार चालवावा लागत नाही.

"बाबा, ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बर्फात ठेवा," असं म्हणून तिनं पुडकं सासऱ्यांच्या हाती दिलं आणि ती पान्याला भिडली.

चाक काढायला वेळ लागला नाही. ब्रेकची सळई सोडवली, मोठा नट काढला, अ‍ॅक्सल ओढून घेतला, चेन उतरवली आणि चाक पोत्यावर आडवं पडलं. खरी कुस्ती पुढं होती. जुनं बेअरिंग गंजून आत असं बसलं होतं, जणू हबबरोबरच ओतलेलं. बळवंतांनी इंजिनाच्या सामानातली एक जाड सळई शोधून आणली. गंज सुटावा म्हणून त्यावर डिझेल ओतून दोघं वाट बघत बसले. मग स्नेहा पलीकडच्या बाजूनं सळई टेकवून ठोकू लागली.

"एकाच जागी ठोकू नको. तिरकं होईल. जरा इकडं, जरा तिकडं. गोल फिर."

"फिरतेच हाय ना!"

शेवटी ते खळकन खाली पडलं. आतल्या गोळ्या तांबड्या झाल्या होत्या, दोन तर फुटल्याच होत्या. बळवंतांनी एक फुटकी गोळी तळहातावर घेऊन पाहिली.

"याच्यावर बसून तू रोज जात होतीस?"

"तुमच्याच गाडीवर," स्नेहा म्हणाली.

दुसरं बेअरिंग त्या मानानं शहाणं निघालं. तोवर दुपार झाली. स्नेहा आत जाऊन थर्माकोलची पेटी उघडून बसली. बोंबील निघाले, बर्फ निघाला, बेअरिंगं काही निघेनात.

"बाबा, कुठल्या बर्फात ठेवलीत?"

"टबात. निळ्या."

निळा टब घेऊन तिची थोरली जाऊ हिना केव्हाच बोईसरला गेली होती. गाडी बंद म्हणून आज ती रिक्षानं माल नेत होती. स्नेहानं फोन लावला.

"बेअरिंग?" हिना ओरडली. तिच्या मागं बाजाराचा गलका चालू होता. "टब रिकामा झाला गो! माझ्याकडं खाली पाणी उरलंय. थांब, बघते." थोड्या वेळानं आवाज आला, "नाय. काय पण नाय."

स्नेहा मटकन पायरीवर बसली. चाक नसलेली गाडी स्टँडवर उभी होती आणि उद्या रविवार. बळवंत अपराध्यासारखे दाराशी उभे. तिला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून तिनं तो विचार सोडला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. उत्कर्षा बोलत होती. ही लातूरकडची, नवरा कारखान्यात, काही महिन्यांपूर्वीच बोईसरला राहायला आलेली. स्नेहाची नवी गिऱ्हाईक.

"ताई, आज तुमच्या जाऊबाईंकडून हलवा मासा घेतला. म्हटलं घर लांब आहे, बर्फ जास्त घाला. आता बघते तर बर्फात दोन लोखंडी कडी. ही काही स्कीम आहे का?"

स्नेहाला इतकं हसू फुटलं की तिला बोलता येईना. शेजारी ऐकत उभ्या बळवंतांनी फोन तिच्या हातातून घेतला आणि म्हणाले, "बाय, ती फेकू नको. मी आलोच."

"बाबा, मी जाते."

"चूक माझी. मीच जाणार," म्हणत त्यांनी टोपी घातली आणि रिक्षाला हात केला.

स्नेहानं तोवर हब पुसला, अ‍ॅक्सल घासून चकचकीत केला, ग्रीस लावलं, पाणी उकळत ठेवलं. पाणी आटत चाललं तरी सासऱ्यांचा पत्ता नाही. तिनं फोन केला.

"बाबा, कुठं हाय तुमी?"

"हलवा साफ करतोय."

"काय?"

"अगो, हिला येतच नाय! कात्रीनं कापायला बसली होती पोर. वाया गेला असता एवढा चांगला मासा."

दिवस कलताना बळवंत आले ते हलव्याचं कालवण जेवून, मिशा पुसत. शर्टाच्या खिशातून त्यांनी पुडकं काढलं. बेअरिंगं त्यांच्या छातीएवढीच उबदार होती.

ती पुन्हा बर्फात गेली. या खेपेला थर्माकोलच्या पेटीत, आणि झाकणावर बळवंत स्वतः बसले.

अंगणातला दिवा लावून कामाला पुन्हा सुरुवात झाली. बळवंतांनी हबवर उकळतं पाणी ओतलं, स्नेहानं फडक्यानं भराभर कोरडं केलं. गार बेअरिंग तोंडाशी नीट सरळ धरलं, त्यावर जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी ठेवली आणि हातोडीनं हलके ठोके दिले. ते सरकत सरकत आत गेलं आणि बुडाला टेकलं तसा ठोक्याचा आवाज बदलून जड झाला. आपल्या हातानं काही इतकं बरोबर बसलेलं स्नेहानं याआधी कधी पाहिलं नव्हतं.

चाक उलटं करून ती दुसरं बेअरिंग धरणार, तोच बळवंत म्हणाले, "आणि ही नळी कुणाची?"

दोन बेअरिंगांच्या मधली नळी पोत्यावर तशीच पडून होती. ती राहिली असती तर नट आवळताच नवी बेअरिंगं चेंगरली असती. स्नेहानं ती आत सोडली, वर दुसरं बेअरिंग बसवलं, सील दाबलं. चाक गाडीत चढवलं, चेन ताणली, नट आवळला. मग चाकाला एक धक्का दिला. ते फिरलं, फिरतच राहिलं, आवाज न करता. बळवंत वाकून कान लावून ऐकत होते.

"हूं," ते म्हणाले.

झोपण्याआधी त्यांनी जुन्या डब्याचा पत्रा कापून कॅरिअरखाली ठोकला, यापुढं खारं पाणी चाकावर न गळता बाजूला पडावं म्हणून.

रविवारी सकाळी स्नेहा निघाली तेव्हा बळवंत धुतलेला शर्ट घालून, विळी गोणपाटात गुंडाळून दारात तयार.

"तुमी कुठं?"

"उत्कर्षाच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी बोलावलंय. कुणालाच बोंबील साफ करता येत नाय म्हणं."

ते मागं बसले. वळणावर गाडी रेषेत गेली. स्नेहानं मुद्दाम थोडा वेग वाढवला, तरी सासरे मागं निवांत बसून होते.

तिनं त्यांना बिल्डिंगच्या फाटकाशी सोडलं आणि ती कॉलन्या फिरायला गेली. टब रिकामा करून परतली तेव्हा पार्किंगमध्ये बायकांचं कडं जमलं होतं. मधोमध बळवंत विळीवर बसले होते, गुडघ्याखाली कुणाच्या तरी घरची उशी. उत्कर्षा शेजारी बसून बोंबील चिरत होती आणि ते तिला दटावत होते, "अगो हळू! काटा तसाच राहू दे, मांस वाचव!"

"बाबा, चला. झाला माल," स्नेहानं हाक मारली.

बळवंतांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"तू बस जरा सावलीत," ते म्हणाले. "कोलंबी राहिलीय अजून."