चंद्रभानी या शब्दाचं मूळ

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि मनात एक चित्र उभं करा. श्रावणाची झड लागली आहे आणि तुम्ही झेंडूच्या वावरात उभे आहात. डोक्यावर पोत्याचा घोंगता आहे, म्हणजे पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून केलेली खोळ. वाऱ्यानं ती उडू नये म्हणून एका हातानं हनुवटीखाली धरायची आणि उरलेल्या हातानं फुलं तोडायची. टोपली कधी भरेल, सांगा बरं?

अंजनगाव सुर्जीजवळच्या एका गावात माणिकबाई अशीच फुलं तोडायची. शेवटी ती कंटाळली. तिनं खताची रिकामी प्लास्टिकची पोती उसवली, त्यांचा अंगरखा शिवला, त्याला बाह्या लावल्या, टोपी लावली. तरी सुईच्या भोकांतून पाणी आत यायचंच. मग तिनं शिवणीवर मेणबत्ती घासली आणि वरून उकळत्या पाण्याचा तांब्या फिरवला. मेण भोकांत बसलं. अंग कोरडं राहिलं आणि दोन्ही हात मोकळे झाले.

त्या अंगरख्याला आज सगळा तालुका 'चंद्रभानी' म्हणतो. माणिकबाईच्या नातीला, रागिणीला, हेच सलत होतं. ती सहावीत होती. शाळेत प्रत्येकानं घरातला एक शब्द घेऊन त्याचा अर्थ आणि मूळ लिहायचं होतं, आणि कार्यक्रमात वाचायला रागिणीचा कागद निवडला गेला होता. आजीचं नाव एकदा तरी सगळ्यांसमोर घेतलं जावं, एवढंच तिला हवं होतं.

"काय लिहून राहिली वं?" आजीनं भेंड्या चिरता चिरता विचारलं.

"चंद्रभानी कोणं काढली ते. तुयं नाव लिहून राहिली."

"खोड ते."

"काहून? तूच त काढली."

आजीनं विळी बाजूला सारली आणि सांगू लागली. तिला सख्खा भाऊ नव्हता. भाऊबीजेला ती अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. एका वर्षी बी-बियाणं विकणारा चंद्रभान दारात आला आणि म्हणाला, "बाई, यंदा मले ओवाळ." तिनं ओवाळलं. त्यानं ओवाळणीत शिलाई मशीन दिली आणि जाताना शिवलेला एक अंगरखा मागून नेला. मेणाचं कसं करायचं तेही विचारून घेतलं. पुढच्या पावसाळ्यात अकोल्याला त्याचं अशाच अंगरख्यांचं दुकान निघालं, वर त्याच्याच नावाची पाटी. भाऊबीजेला तो परत आला नाही. माणिकबाई पुन्हा चंद्राला ओवाळू लागली.

"म्या त्याले भाऊ म्हटलं," आजी म्हणाली. "भावाले देल्लं ते चारचौघांत वापस मांगू नये."

"मंग तो येत काहून नाई?"

"विळी आण इकडं," आजी म्हणाली.

शाळेत देवानंद सरांनी कागद वाचला. ते चांगले होते, पोरांवर कधी ओरडत नसत. त्यांनी लाल पेनानं आजीचं नाव हळूच खोडलं आणि वर चंद्रभानचं लिहिलं.

"पाहुणे चंद्रभानशेटच आहेत बेटा. साठ पोरांना चंद्रभान्या देणार आहेत. आणि शब्द त्यांच्या नावावरूनच आला ना? मग यात खोटं काय?"

शब्द त्यांच्या नावावरून आला, हे खरंच होतं. रागिणीनं कागद परत घेतला.

कार्यक्रमाला माणिकबाई पुढच्याच रांगेत बसली होती. शेटजींनी आत येताना सगळ्या रांगेला हात जोडले. तिलाही जोडले, बाकीच्यांना जोडले तसेच. मग भाषणात ते म्हणाले, "एकदा दुकानात लाइट गेली. हातात मेणबत्ती होती. मनात आलं, हे शिवणीवर घासून पाहावं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणिकबाईनंही वाजवल्या.

रागिणीचं नाव पुकारलं गेलं. ती माइकसमोर उभी राहिली. समोर आजी मान हलवत होती, वाच म्हणून.

"शब्द, चंद्रभानी," तिनं वाचलं. "अर्थ, पावसात अंग कोरडं ठेवणारा आणि दोन्ही हात मोकळे ठेवणारा अंगरखा. मूळ..."

ती थांबली. लाल अक्षरं तिला स्पष्ट दिसत होती. देवानंद सर बाजूला उभे राहून ओठ हलवत होते.

"मूळ मले माहीत आहे," ती म्हणाली. "पण आजीनं सांगू नको म्हटलं."

मंडपात कोणीतरी हसलं, मग हसू विरलं. शेटजी पाण्याचा ग्लास शोधू लागले. माणिकबाईनं पदर कपाळावर ओढला आणि नातीकडे न बघता खाली मातीकडे पाहत राहिली.

रागिणीनं कागदाची घडी केली. अंगरखे वाटायच्या टेबलासमोर पोरांची रांग लागली होती. त्या रांगेत ती गेली नाही. खाली उतरली, आजीशेजारी जमिनीवर बसली, आणि आजी जरा लांब सरकून बसली तरी तिथून उठली नाही.