बगळ्याच्या माळांची पेटी

मित्रांनो, झाकण जरा जपून उघडा, माझ्या पोटात काटे आहेत. मासेमारीचे गळ ठेवायची मी एक जुनी लाकडी पेटी. आता एकच बिजागरी उरली आहे. दुसरीच्या जागी सुतळी बांधली आहे. ती बिजागरी का तुटली, तेच सांगायचे आहे.

एका होडीच्या सुताराने उरलेल्या फळीतून मला घडवले. आत पाच कप्पे केले आणि मला ज्याच्या हाती दिले, त्याला सारे बंदर बगळा म्हणायचे. उंच, काटकुळा माणूस. धक्क्याच्या टोकाशी, खडकावर, तासन्‌तास एका जागी उभा राहायचा. कोणी हसले तर म्हणायचा, "बगळ्याला कधी उपाशी पाहिलंय का?"

माझ्यात तो माळा ठेवायचा. माळ म्हणजे हातभर तंगूस, ती बारीक पारदर्शक नायलॉनची दोरी. तिच्या एका टोकाला शिसे, मध्ये दोन-तीन गळ, वरच्या टोकाला फास. खडकावर वारा अंगाला झोंबत असताना, बोटे गारठलेली असताना तिथे गाठी मारत बसता येत नाही. म्हणून तो घरीच माळा बांधायचा. एक तुटली की दुसरी काढायची, फास मोठ्या दोरीला अडकवायचा, झाले. प्रत्येक माळ तो जुन्या रबरी चपलेच्या तुकड्यावर गुंडाळायचा आणि गळांची टोके रबरात खुपसून ठेवायचा. चप्पल लाल असो, निळी असो की पांढरी, त्याला त्याचे काही नव्हते. वीस वर्षे मी त्याच्या खांद्याला लटकून हिंडले. मोठमोठे मासेमार मला उघडून बघायचे आणि म्हणायचे, "नीटनेटकेपणा शिकावा तर याच्याकडून."

मग त्याचे डोळे गेले.

एकदम नाही गेले. आधी कडेचे दिसेनासे झाले. डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली किती टिकेल, सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. घरी आल्यावर त्याने मला खिडकीत ठेवले, तंगुसाची गुंडाळी जवळ ओढली आणि बांधायला बसला. दिसते आहे तोवर बांधून घ्यायचे, एवढे एकच त्याच्या मनाने घेतले होते. जेवण थंड व्हायचे, चहावर साय धरायची. उजेड खिडकीतून सरकला की तो मला घेऊन दारात सरकायचा. शेवटी शेवटी गळाच्या नेढ्यात तंगूस ओवायला त्याला पंधरा-पंधरा वेळा प्रयत्न करावा लागे. ओठ चावून रक्त काढायचा, पण थांबायचा नाही.

तीनशे चाळीस माळा झाल्या. त्याने चाकूने चपलांच्या तुकड्यांना खाचा पाडल्या. एक खाच म्हणजे सर्वांत बारीक तंगूस, तो तुकडा पहिल्या कप्प्यात. पाच खाचा म्हणजे सर्वांत जाड, तो पाचव्यात. मग डोळे मिटून हात घालायचा, पुन्हा पुन्हा. एके दिवशी त्याला डोळे मिटायची गरज उरली नाही.

हे त्याने कोणालाही कळू दिले नाही. कठड्याला हात लावत, पावले मोजत तो पहाटे खडकावर जायचा. पण खडकात अडकून रोज एक-दोन माळा तुटायच्या. तुटली की तो क्षणभर हलायचाच नाही. दिसत असताना बांधलेली एक गाठ कायमची गेली, हे फक्त त्याला आणि मला कळायचे.

अशात त्याची थोरली बहीण राहायला आली. तिला तो आक्का म्हणायचा. इस्पितळाच्या धुलाईघरात तिने सारा जन्म घालवला होता.

"डोळ्यांचं कसं आहे रे?" तिने आल्या आल्या विचारले.

"थोडं धुरकट दिसतं, बाकी काही नाही."

चौथ्या दिवशी तो न्हाव्याकडे गेला असताना आक्काने मला उघडले. लाल, निळे, पांढरे तुकडे कसेही मिसळलेले पाहून तिला राहवले नाही. तिने सगळ्या माळा सोडवल्या, साबणाच्या पाण्यात धुतल्या आणि दोरीवर वाळत घातल्या. वाऱ्याने त्यांचा गुंता केला. तिने जमेल तसा सोडवला, जमेल तशा गुंडाळल्या. मग लालमध्ये लाल, निळ्यात निळा असे लावून मला जागेवर ठेवले. भावाने आपणहून बघावे आणि खूश व्हावे, म्हणून बोलली नाही. मित्रांनो, माझ्यासारखी देखणी पेटी साऱ्या बंदरात नसेल. आणि मी आतून फाटत होते. त्याला ऐकू जाईल अशी वाचा मला असती तर!

पहाटे त्याने मला खांद्याला लावले. साबणाचा वास त्याला आला, पण आक्काने घरातले धुवायचे काही शिल्लकच ठेवले नव्हते, त्यामुळे त्याला संशय आला नाही. खडकावर मोठा मासा लागत होता. त्याने पाचव्या कप्प्यात हात घातला. तुकड्याला एकच खाच. दुसरा काढला, तीन खाचा. तो घाबरला आणि हात भरभर फिरवू लागला. तोच एक मोकळा गळ त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी खोल रुतला. गळाला उलटा काटा असतो, आला तसा तो निघत नाही. त्याने दात आवळून ओढून काढला. हाताला आली ती माळ लावली. मासा लागला, एकच हिसका, तंगूस तुटले. पुन्हा हात घातला तेव्हा चार माळांचा एकच गोळा वर आला. माझ्या तळाशी रक्त साचले होते. त्याने झाकण लावले आणि कठडा चाचपत तो घराकडे निघाला.

घरी आल्यावर दारातूनच त्याने मला भिंतीवर फेकले. माझी बिजागरी तेव्हा तुटली.

"कोणी हात लावला पेटीला?"

"मीच. अरे, किती पसारा होता! रंगाप्रमाणे लावलंय, बघितलं नाहीस?"

"मला दिसत नाही, आक्का! काही म्हणजे काही दिसत नाही! तू पुढ्यात उभी आहेस की मागे, तेही कळत नाही मला!"

"मला सांगितलं का नाहीस?" आक्काने विचारले.

"सांगून काय झालं असतं?"

"निदान मी धुतलं नसतं," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली.

त्यानंतर अकरा दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी खाटेखाली होते. रक्ताचे डाग काळे पडले, गळांना गंज चढला. आक्काने ताट पुढे केले की तो म्हणायचा, "आता मी कशाला खाऊ?" रोज संध्याकाळी आक्का मला बाहेर ओढून धड उरलेल्या माळा वेगळ्या काढायची. पंच्याऐंशी भरल्या.

बाराव्या दिवशी तिने स्वतः एक बांधली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने चाचपली. नुसती ओढली आणि गाठ सुटली.

"हा गळ आहे आक्का, सदऱ्याचं बटण नाही."

"मग सांग ना कशी मारायची!"

तो उठून बसला. तिची बोटे धरून वेढे घालायला लावले, पाच, सहा, सात. "आता थुंकी लाव. कोरडी गाठ आवळली की तंगूस घासून जळतं." ती चुकली. पुन्हा चुकली. वैतागून त्याने तंगूस तिच्या हातातून घेतले आणि गाठ स्वतःच मारली. मारून झाल्यावर त्याचे हात थांबले. ओढून पाहिली, पक्की बसली होती. त्याची बोटे काही विसरली नव्हती. अडत होते ते फक्त नेढ्यापाशी.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "तू नुसतं ओवून देशील?"

तेव्हापासून ती ओवते आणि तो बांधतो. माझ्या कप्प्यांत खाचांचे तुकडे पुन्हा जागेवर आले आहेत. पण सगळे गोड झाले असे समजू नका. आक्काच्या चष्म्याचा नंबर वाढतो आहे. काल एकच गळ ओवताना तिचा नेम चौदा वेळा चुकला. तो समोर हात पुढे करून बसला होता. त्याने "लवकर कर" म्हटले नाही, की "राहू दे" म्हटले नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. दुसऱ्याची वस्तू आवरायला घ्याल, तेव्हा आधी विचारा की त्याचा हात तिथे कसा जातो. आणि तुमचेच काही हरवत चालले असेल, तर घरातल्या एका तरी माणसाला वेळेवर सांगा.